स्वस्त सहलीची दुसरी नोंद



गेल्या रविवारी बस्तीत अभिषेक आटोपल्यावर आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. विषय एकच, येत्या मे महिन्यातली युरोप सहल. ४२ जणी, ११ दिवस, ७ देश, आचारी सोबत आणि शंभर टक्के जैन भोजनाची हमी. मी बी.कॉम. आहे आणि मंडळाची कीर्द-खतावणी गेली अठरा वर्षं लिहिते, म्हणून सहलीचा हिशेबही मीच सांभाळायचा, असं परस्पर ठरलेलं होतं. मी कार्यक्रमाचा कागद वाचला. पाचव्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'व्हेनिस, २ तास, फोटो थांबा व गोंडोला'. मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "हा हिशेब मी लिहिणार नाही."

मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे माझ्या वन्सं. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही दोनदा जाऊन आलात ना? आता बाकीच्यांनी जायचं म्हटल्यावर तुम्हाला तत्त्वं आठवली होय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येताना ते वाक्य पायात काट्यासारखं सलत होतं. कारण त्यात तथ्य आहे. मी दोनदा गेले. पहिल्यांदा चुकीची गेले, दुसऱ्यांदा बरी गेले, आणि या दोन्हींतला फरक मला कळला, म्हणूनच मी नाही म्हटलं. बैठकीत हे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. वन्सं हे वाचतात, हे मला ठाऊक आहे.

पहिली खेप २०१८ सालची. अशीच सहल, अशीच बस, आम्ही ४६ जण. बस त्रोंकेत्तो नावाच्या वाहनतळावर थांबली, तिथून मोटारबोटीने सान मार्कोच्या चौकाजवळ उतरवलं. गाईडने छत्री उंच धरली आणि आम्ही तिच्या मागे मेंढरांसारखे निघालो. काचेच्या कारखान्यात फुंकून घोडा करून दाखवला, मग दुकानात नेलं. मग गोंडोला, मग पाऊण तास 'मोकळा वेळ'. त्या वेळात स्वच्छतागृहाची रांग आणि फोटो. परतताना एका अरुंद पुलावर आम्ही सगळे थांबलो, कारण पुढच्यांचे फोटो चालले होते. मागे एक म्हातारी उभी होती. हातात चाकांची भाजीची पिशवी, वय माझ्या सासूबाईंएवढं. ती काही बोलली नाही. पिशवी टेकवून कठड्याला धरून वाट बघत राहिली. आमच्यातल्या एकीने तिचाही फोटो काढला. मी सरकले नाही, मलाही फोटोत यायचं होतं. पाच मिनिटांनी वाट मोकळी झाली, तेव्हा तिने एकेक पायरी करत ती पिशवी वर चढवली. मदत करावी असं कुणालाच सुचलं नाही, कारण बस सुटायची होती.

हे मी विसरूनही गेले असते. पण पुढच्याच वर्षी, २०१९च्या ऑगस्टमध्ये, कृष्णा आमच्या दारात आली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही वरच्या मजल्यावर माळ्यावरचं धान्य वाचवत होतो आणि लोक पूर बघायला येत होते. मुलांना घेऊन, गाड्या लावून, पाण्याकडे पाठ करून सेल्फी. त्यांनी आमचं काही चोरलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. तरीही मला तेव्हा जे वाटलं, ते मी आजवर कुणाबद्दल इतकं कडू वाटून घेतलेलं नाही. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला व्हेनिसमध्ये समुद्राची भरती १८७ सेंटिमीटरवर गेली. १९६६च्या १९४ सेंटिमीटरनंतरची ती सगळ्यांत मोठी. टीव्हीवर चौकातलं गुडघाभर पाणी दिसलं, आणि त्या पाण्यात हसत फोटो काढणारी माणसंही दिसली. मला ती पुलावरची म्हातारी आठवली. आणि आयर्विन पुलावरच्या त्या माणसांतच मीही होते, हे कळलं.

आता हिशेबाचं बोलते, कारण माझा मुद्दा हिशेबाचाच आहे.

कॉलेजात पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्यात लुका पाचोलीचं नाव होतं. इटलीचा हा फ्रान्सिस्कन साधू, तरुणपणी एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवायला व्हेनिसमध्ये राहिलेला. १४९४ साली त्याचा गणिताचा मोठा ग्रंथ व्हेनिसमध्येच छापला गेला आणि त्यात द्विनोंदी पद्धत पहिल्यांदा छापील स्वरूपात समजावून दिली. पद्धत त्याने शोधली नाही, तिथले व्यापारी आधीपासून ती वापरत होते. त्याने ती नीट लिहून काढली. वहीच्या आरंभी देवाचं नाव आणि क्रॉसची खूण करावी, असंही तो सांगतो. आपण दिवाळीत नव्या वहीवर श्री लिहितो, तसंच ते. अपरिग्रहाचं व्रत घेतलेल्या साधूने जगाला हिशेब शिकवला, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

त्या पद्धतीचं सार एका ओळीत येतं. एका खात्यात काही आलं, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून गेलेलं असतं. दुसरी नोंद लिहिली नाही, तर हिशेब खोटा. आपण म्हणतो, "व्हेनिस दोन तासांत आटोपलं, राहण्याचा खर्च वाचला." वाचला म्हणजे आपल्या वहीत वाचला. तो कुणाच्या वहीत गेला?

रियाल्टो पुलाजवळ एका औषधदुकानाच्या काचेत एक आकडा लावलेला आहे. २००८पासून तो तिथे आहे. आपल्याकडे पेट्रोलचा भाव लावतात तसा, पण हा आकडा जुन्या शहरात उरलेल्या रहिवाशांचा. १९५१ साली तिथे सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. २०२३मध्ये तिथल्या नागरिकांच्या गटांनी मोजून दाखवलं, की शहरात पाहुण्यांच्या खाटा आता रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या आहेत. घरं पर्यटकांना रोजाने दिली की महिन्याच्या भाड्याच्या कितीतरी पट मिळतात, मग शिक्षक, नर्स, बोटवाला पुलापलीकडे मेस्त्रेला राहायला जातो. किराणा दुकान जाऊन तिथे मुखवट्यांचं दुकान येतं. ज्या शहरात कचरासुद्धा हातगाडीने गोळा करून बोटीने न्यावा लागतो, तिथे दोन तासांचा पाहुणा पाण्याची बाटली टाकून जातो, आणि ती उचलण्याचा खर्च उरलेल्या पन्नास हजारांच्या माथी.

शहराने शेवटी आपली वही उघडली. २५ एप्रिल २०२४पासून गर्दीच्या काही दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंत, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरो प्रवेशशुल्क लावलं. त्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५मध्ये ५४ झाले आणि ऐनवेळी येणाऱ्याला १० युरो. जो रात्री मुक्काम करतो, त्याला हे शुल्क नाही, तो राहण्याच्या बिलातच शहराचा कर भरतो. २०२४मध्येच गाईडच्या गटाला २५ माणसांची मर्यादा आली आणि ध्वनिक्षेपक बंद झाले. म्हणजे आमच्या ४२ जणींना दोन तुकड्या कराव्या लागतील, हेही वन्संच्या कागदात नव्हतं. आणि पाहा, शहर स्वतःच सांगतंय, रात्र काढणारा पाहुणा चालेल, धावता नको.

आता तुम्ही म्हणाल, राहायचं तर परवडायला नको का? इथेच सगळ्या फसतात. मी दुसऱ्यांदा गेले ती २०२४च्या नोव्हेंबरात. चातुर्मास संपला, कार्तिकी अष्टाह्निका झाली आणि मग १९ तारखेला म्युनिचहून, लेकीच्या घरून, रेल्वेने निघालो. मी, हे आणि लेक. सात तासांचा प्रवास, आल्प्स ओलांडून गाडी थेट पाण्याच्या काठी. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर मोठा कालवाच. तीन रात्री राहिलो. हिशेब असा:

खोली, तिघांची, तीन रात्री, न्याहारी व कर धरून: ३३० युरो.
बोटीचे ७२ तासांचे तीन पास: १३५ युरो.
खाणं: १७० युरो.
डोजेच्या राजवाड्याची तीन तिकिटं: ७५ युरो.
एकूण ७१० युरो. माणशी २३७.

तेव्हाच्या भावाने माणशी साधारण एकवीस-बावीस हजार रुपये. रेल्वेचं तिकीट वेगळं, ते दोन महिने आधी काढलं म्हणून स्वस्त पडलं. याच्यात महाबळेश्वरला शनिवार-रविवारी चांगल्या हॉटेलात दोन दिवस राहून या, मग मला सांगा.

ही कपात कुठून आली, तेही सांगते, कारण परवडणं हे नशिबाने होत नाही, ठरवून होतं.

राहिलो ते ख्रिस्ती साध्वींच्या पाहुणेघरात. व्हेनिसमध्ये अशी घरं बरीच आहेत. आपल्या धर्मशाळेसारखी साधी खोली, पांढऱ्या चादरी, भिंतीवर क्रॉस, रात्री साडेदहाला दार बंद. टीव्ही नाही. हे म्हणाले, "साडेदहानंतर बाहेर जायचं कुणाला आहे?" कुणाचं राहतं घर पर्यटकासाठी रिकामं करून आपल्याला मिळालेलं नाही, ही शांतता वेगळीच. मोठं कुटुंब असेल आणि परवडत नसेल, तर मेस्त्रेला राहा. तिथून रेल्वेने दहा मिनिटं लागतात, ते त्याच महापालिकेत आहे आणि खरे व्हेनिसवाले आता तिथेच राहतात. त्यात काही कमीपणा नाही.

बोटीचं एक तिकीट ७५ मिनिटांसाठी साडेनऊ युरो. ७२ तासांचा पास ४५चा. पाच फेऱ्या झाल्या की पास वसूल. ह्यांचे गुडघे आणि चारशेच्या वर पूल, तेव्हा पास घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनी पास घेऊच नये. स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत रमतगमत पाऊण तास लागतो, आणि रस्ता चुकणं हीच तिथली खरी सहल. गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो. आम्ही बसलो नाही. मोठा कालवा ओलांडायला मात्र तशाच नावा दोन युरोत पलीकडे सोडतात, गावातली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन त्यातच उभी असतात. पाच मिनिटांत हौस फिटते.

पाणी विकत घेऊ नका. गल्लोगल्ली पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. मी गाळणं नेलं होतं, बाटलीच्या तोंडावर बांधून भरायचे. कॉफी उभ्याने प्यायची, बसलं की दर वाढतो. हॉटेलात टेबलाशी बसलं की 'कोपेर्तो' म्हणून माणशी वेगळे पैसे लागतात, ते फसवणूक नव्हे, तिथली रीतच आहे. आणि सान मार्कोच्या चौकात पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, दंड होतो. आमच्या २०१८च्या गटात दशम्या तिथेच सोडल्या होत्या, गाईडने धावत येऊन उठवलं.

खाण्याचं विचारणारच तुम्ही. जैन माणसाला टूरशिवाय तिथे उपाशी राहावं लागतं, हा आचाऱ्यांच्या धंद्याचा पसरवलेला समज आहे. लेकीने एका चिठ्ठीवर लिहून दिलं, 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला', म्हणजे लसूण नको, कांदा नको. त्याखाली मांस, मासे, अंडं नको. चिठ्ठी दाखवली की बाई हसून मान डोलवायची आणि मक्याच्या पिठाचा पोलेंता भाजून त्यावर लालचुटूक रादिक्क्यो आणायची. आपल्या घट्ट झुणक्याच्या वड्यांची आठवण झाली. रियाल्टोच्या बाजारात फळं, पालेभाजी, पाव. शेजारीच मासळीबाजार आहे, तेव्हा पदर नाकाला लावूनच जायचं. पण चीजबाबत सावध करते. पार्मेजान आणि ग्राना पादानो या दोन्हींत वासराच्या पोटातलं रेनेट घालण्याचा नियमच आहे. पिझ्झावर चीज म्हणजे शाकाहारी असं समजून आपल्या किती बायका खाऊन आल्या, आणि 'शंभर टक्के जैन'वाल्या टूरनेही आम्हाला ते वाढलं होतं, हे मला सहा वर्षांनी कळलं.

सूर्यास्त नोव्हेंबरात साडेचारलाच होतो आणि तिथली हॉटेलं रात्रीच्या जेवणाला सातला उघडतात. म्हणजे रात्रीभोजन त्यागाने आमचा एका वेळचा पूर्ण खर्च वाचला! दुपारी पोटभर जेवायचं, चारला फळं आणि पाव, पाणी पिऊन मोकळं. मे-जूनमध्ये उजेड रात्री नवाच्या आसपासपर्यंत असतो, मग घाई नाही. या बाबतीत टूरचं मला आणखी एक बोचतं. आपण सूर्यास्तापूर्वी जेवून व्रत पाळतो, आणि आपल्यासाठी आणलेला आचारी रात्री अकराला हॉटेलच्या मागच्या बाजूला आपली भांडी घासत असतो, पहाटे चारला पुन्हा उठतो. व्रत आपलं, रात्र त्याची. इथेही दुसरी नोंद कुणी लिहीत नाही.

२१ नोव्हेंबरला तिथे सालूते देवळाचा सण होता. १६३०-३१च्या प्लेगातून शहर वाचलं त्याच्या कृतज्ञतेचा. मोठ्या कालव्यावर त्या दिवसांपुरता एक तात्पुरता पूल बांधतात. आजी, सून, शाळेतली पोरं, सगळे मेणबत्त्या घेऊन त्या पुलावरून देवळात जातात. परके लोक थोडेच. २०१८ साली मी ज्या शहरातून पळाले, ते मला नाटकाचा पडदा वाटलं होतं. त्या दिवशी कळलं, इथे माणसं राहतात, त्यांना नवस असतात. आम्ही पूल ओलांडला नाही, कडेला उभं राहून हात जोडले. एका आजींची चाकांची पिशवी पायरीशी अडकली, तेव्हा लेकीने ती उचलून दिली. त्या 'ग्रात्सिये' म्हणाल्या. सहा वर्षांचं देणं फिटलं असं मी म्हणणार नाही, पण खात्यात एक नोंद तरी झाली.

आता धर्माचं. आमच्याकडे बायका विचारतात, यात धर्म कुठे आला? समंतभद्राचार्यांचं रत्नकरंड श्रावकाचार आपण दशलक्षणात ऐकतोच. त्यात गुणव्रतांमध्ये अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे, आणि अनर्थदंडाचा एक प्रकार प्रमादचर्या. निष्कारण जमीन खणणं, निष्कारण पाणी सांडणं, निष्कारण झाडपाला तोडणं. आणि त्याच यादीत, निष्कारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणं. हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. मी एकटी धावते तो माझा प्रमाद. पण ४२ जणींना मी सात देशांतून धावायला लावते, हिशेब लिहून, वर्गणी गोळा करून, तेव्हा त्या ४२ जणींच्या धावण्याचाही भाग माझ्या वाट्याला येतो. म्हणून मी तो कागद परत दिला, वन्सं. तुमच्यावर रागावून नाही.

परिग्रह फक्त दागिन्यांचा नसतो. 'सात देश झाले' हाही परिग्रहच. बघितलेल्या जागांची मोजदाद करायची, न बघितलेल्यांची हळहळ करायची. भोगोपभोगाचं परिमाण आपण ताटातल्या पदार्थांना लावतो, तेच सहलीला लावायला काय हरकत आहे? एक गाव, तीन रात्री. बस.

आक्षेप मला माहीत आहेत, बैठकीत सगळे ऐकले.

"ते शहर पर्यटकांवरच जगतं, आपण गेलो नाही तर उपाशी मरेल." अहो, जगतं ते राहणाऱ्या, जेवणाऱ्या पाहुण्यावर. आपला गट बसमधला डबा खातो, मुक्काम दुसऱ्या गावी करतो आणि मुखवटा विकत घेतो, तोही बहुधा तिथे बनलेला नसतो. शहराच्या हाती उरतं काय?

"आम्हाला इंग्रजी येत नाही, एकट्या कशा जाणार?" हा आक्षेप खरा आहे, आणि याला मी हसत नाही. माझ्याबरोबर लेक होती. ज्या विधवा आहेत, ज्यांची मुलं नेत नाहीत, त्यांना मंडळाच्या सहलीशिवाय दार उघडत नाही. म्हणून सहल नकोच, असं मी म्हणत नाही. आठ-आठ जणींचे गट करा, प्रत्येक गटात एक तरुण मुलगी घ्या, तिचा खर्च सगळ्या मिळून उचला. सात देश सोडा, दोन गावं घ्या. मे सोडा, नोव्हेंबर घ्या. थंडी आहे, धुकं आहे, भरती आली तर चौकात पाणी साचून फळ्यांवरून चालावं लागतं, तेव्हा रबरी बूट हवेत. मोठी भरती अडवायला २०२०पासून समुद्राच्या तोंडाशी दरवाजे उभे राहतात, त्यामुळे २०१९सारखी भीती आता कमी.

"तुम्ही स्वतः विमानाने गेलातच ना?" गेले. लेक तिकडे आहे, तिला भेटायला गेले आणि त्या धुराची नोंद माझ्या खात्यात आहे. मी निर्दोष आहे म्हणून बोलत नाही. माझ्या वहीत चूक सापडली म्हणून बोलते.

"एवढा विचार केला तर घराबाहेर पडायलाच नको." हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. आपण पालेभाजी निवडताना एकेक पान उलटून बघतो, पाणी गाळतो, दिवा लावताना काच झाकतो. कुणी म्हणतं का, एवढा विचार केला तर स्वयंपाकच नको? स्वयंपाक करतोच, जपून करतो. तेवढंच जपून गावोगाव जायचं, एवढंच माझं म्हणणं.

वन्सं, मी दुसरा कागद तयार केला आहे. आठ जणी, नोव्हेंबर, व्हेनिस तीन रात्री, पादुआ दोन. राहणं साध्वींच्या घरी. माणशी खर्च तुमच्या सहलीच्या निम्म्याहून कमी येतो, आकडे मी दोनदा तपासले. पुढच्या रविवारी आणते. नाही पटला तर फाडून टाका, पण आधी दोन्ही बाजू वाचा. त्याचा हिशेब लिहायला मी एका पायावर तयार आहे.

बैठकीत माझा आवाज चढला होता, त्याबद्दल सगळ्यांनाच उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.